बंदिस्त बालगृहांतल्या मुलांची आरोग्यसेवा: करारात नेमकं काय मागायचं?

विदर्भातल्या एका निरीक्षणगृहात समुपदेशक असलेल्या ताईंचा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये बंदिस्त बालगृहांतल्या मुलांसाठी सरकार आरोग्यसेवा ‘कमिशन’ करतं म्हणजे नक्की काय करतं, करारात काय लिहितात, आणि आमच्याकडे आठवड्यातून एकदा डॉक्टर येऊन जातात तरी मुलांची तब्येत आणि वागणं ताळ्यावर का येत नाही, असं त्यांनी विचारलंय. मी तिकडे आधी अशाच एका घरात नर्स होते, पुढे एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, बाजूने हे करार लिहिण्याचं आणि तपासण्याचं काम केलं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी ही घरं कोणती ते सांगते. ‘सिक्युअर चिल्ड्रन्स होम’ म्हणजे तुरुंग नाही. दारं कुलूपबंद, पण आत शाळा, स्वयंपाकघर, बैठकीची खोली, आणि मुलांमागे मोठ्या माणसांची संख्या भरपूर. इंग्लंडभर मिळून अशी डझनभर घरं असतील. बहुतेक स्थानिक कौन्सिल चालवतात. सेंट हेलेन्समधलं एक नजेंट नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहे. शेफील्डच्या ऑल्डीन हाउससारख्या ठिकाणी जेमतेम आठ मुलं, तर डरहॅममधल्या एक्लिफला चाळिसाच्या आसपास जागा. वय १० ते १७.

मुलं दोन वाटांनी येतात. काही गुन्ह्याच्या प्रकरणात, रिमांडवर किंवा शिक्षा होऊन. त्यांची जागा यूथ कस्टडी सर्व्हिस, म्हणजे कोठडीतल्या मुलांचं सरकारी खातं, विकत घेते. बाकीच्यांनी काहीच गुन्हा केलेला नसतो. १९८९च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम २५ खाली, मूल वारंवार पळून जातं आणि पळालं तर त्याला गंभीर इजा होईल, किंवा इतर कुठेही ठेवलं तर ते स्वतःला वा दुसऱ्याला इजा करेल, असं दिसलं तर कौन्सिल त्याला इथे ठेवू शकते. कोर्टाशिवाय फार तर २८ दिवसांत ७२ तास. त्यापुढे कोर्टाचा हुकूम लागतो. पहिला जास्तीत जास्त तीन महिन्यांचा, नंतरचे सहा-सहा महिन्यांचे. मूल १३ वर्षांखालचं असेल तर थेट मंत्र्यांची परवानगी. आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्यात विधिसंघर्षग्रस्त बालक निरीक्षणगृहात आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल बालगृहात, अशी फारकत आहे. तिकडे काही घरांत ही दोन्ही मुलं एकाच जेवणाच्या टेबलावर बसतात. त्यावर वाद आहेत. पण आरोग्याच्या बाजूने पाहिलं तर दोघांच्या फाइली इतक्या सारख्या दिसतात, की वरचं नाव झाकलं तर कोण कुठल्या वाटेने आलं ते ओळखू येत नाही.

आता पैशाचं. एकाच मुलामागे तीन पाकिटं उघडी असतात. जागेचे पैसे कौन्सिलचे किंवा यूथ कस्टडीचे, शिक्षणाचे वेगळे, आणि आरोग्याचे एनएचएस इंग्लंडचे. ही तिसरी जबाबदारी २०१२च्या कायद्याने आली आणि १ एप्रिल २०१३पासून लागू झाली. त्याआधी घर ज्या भागात असेल तिथल्या प्रायमरी केअर ट्रस्टवर, म्हणजे एनएचएसच्या स्थानिक संस्थेवर, हा भार पडायचा. म्हणजे मुलं देशभरातून यायची आणि खर्च एका छोट्या जिल्ह्याने सोसायचा. साहजिकच जिल्हा हात आखडता घ्यायचा. मोजकी मुलं, देशभर विखुरलेली, गरजा अवघड, अशा वेळी खरेदी वरच्या पातळीवरून झालेली बरी, हे माझं आजही मत आहे. मार्च २०२५मध्ये एनएचएस इंग्लंडच आरोग्य खात्यात विलीन करायची घोषणा झाली, त्यामुळे पाट्या बदलतील. मुलाच्या दातदुखीला त्याचं सोयरसुतक नसतं.

कमिशनिंगचं चक्र कागदावर सोपं आहे: गरज मोजा, सेवा ठरवा, पुरवठादार निवडा, पैसे द्या, हिशेब मागा. गोम पहिल्या पायरीवरच आहे. गरज मोजायला सल्लागार येतात, गेल्या वर्षीच्या भेटींचे आकडे काढतात आणि तेवढीच गरज आहे असं लिहून मोकळे होतात. दंतवैद्य महिन्यातून एकदाच येत असेल तर दातांच्या भेटी कमीच दिसणार. म्हणून मी गरज मोजताना रात्रपाळीच्या केअर स्टाफशी, स्वयंपाक्याशी आणि मुलांशी बोलल्याशिवाय अहवाल घेत नसे. स्वयंपाक्याला कोण घास एकाच बाजूने चावतो ते ठाऊक असतं.

निघतं काय? सडलेले दात, अर्धवट लसीकरण, दम्याचा पंप नावापुरता, न तपासलेले डोळे, गांजा आणि तंबाखू, लैंगिक आरोग्याचे प्रश्न, डोक्याला जुना मार, आणि झोपेचं खोबरं. मुलींमध्ये स्वतःला कापून घेणं आणि लैंगिक शोषणाचा इतिहास. आणखी एक गोष्ट, जी करारात नेहमी ‘जादा’ म्हणून शेवटी लिहिली जाते: भाषा. गुन्ह्याच्या वाटेने आलेल्या मुलांत निम्म्याहून अधिकांना बोललेलं समजायला किंवा स्वतःचं सांगायला खरी अडचण असते, हे तिकडच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. त्या मुलाला तुम्ही राग आवरण्याचे आठ धडे देता, तो मान डोलावतो, आणि त्यातला अर्धा मजकूर त्याच्या डोक्यावरून जातो. मग फाइलवर शेरा पडतो, ‘सहकार्य करत नाही’. म्हणून स्पीच थेरपिस्ट मूळ करारातच हवी, आठवड्यात ठरलेले दिवस, बाकीच्यांच्या बैठकीत बसणारी. पैसे कमी पडले तर मी मानसोपचारतज्ज्ञाचा एक दिवस कमी करीन, पण तिला काढणार नाही. यावर डॉक्टर मंडळी माझ्यावर रुसलेली आहेत.

तपासणीची चौकट तिथे सगळीकडे एकच आहे, तिला ‘चॅट’ म्हणतात: कॉम्प्रिहेन्सिव्ह हेल्थ असेसमेंट टूल. मूल आल्यावर पहिल्या रात्रीआधी प्राथमिक चाळणी: आज जीवाला धोका आहे का, औषधं कोणती, ॲलर्जी, नशा उतरण्याचा त्रास, आत्मघाताचा विचार. शारीरिक आणि मानसिक तपासणी तीन दिवसांत, व्यसनांची पाच दिवसांत, आणि मेंदूच्या वाढीशी संबंधित अडचणींची, म्हणजे ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), डोक्याची इजा, भाषा यांची, दहा दिवसांत. रॉयल कॉलेज ऑफ पीडिॲट्रिक्सने २०१३मध्ये बंदिस्त ठिकाणच्या मुलांसाठी आरोग्याची मानकं काढली, पुढे ती सुधारली. करार त्यांच्यावर बेतलेले असतात.

वेळा पाळल्या जातात की नाही हे शुक्रवारी रात्री कळतं. समजा अकरा वाजता व्हॅन येते. मुलगा चौदाचा, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात एक हुडी आणि रिकामा इनहेलर. सोबतच्या कागदावर औषधाचं नाव मिथाइलफेनिडेट (एडीएचडीवरचं), मात्रा खाडाखोड केलेली. नर्स आठला घरी गेलेली. जीपीचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरचा, दवाखाना सोमवारी उघडणार. हे नियंत्रित औषध, रजिस्टरात दोन सह्या लागणारं. रात्रपाळीचा फिरता डॉक्टर ते सहसा लिहून देत नाही. म्हणजे शनिवार-रविवार दोन्ही दिवस औषधाविना, नव्या जागेत, कुलपाआड. सोमवारी सकाळपर्यंत दोनदा मारामारी झालेली असते आणि मुलाच्या नावावर ‘हिंसक’ असा शिक्का बसलेला असतो. माझ्या मते करारातली सगळ्यात मोलाची ओळ ही: सुट्टीच्या दिवशीही ठरलेल्या तासांत औषध लिहून देऊ शकणारी व्यक्ती फोनवर मिळेल, तिला एनएचएसची सामायिक नोंद उघडता येईल, आणि औषध कुठल्या फार्मसीतून कोण आणणार हे नावानिशी ठरलेलं असेल. या ओळीला पैसे लागतात. पुरवठादार ती हळूच गाळू पाहतात, तेवढ्यावर नजर ठेवा.

औषध देणारे हात बहुधा नर्सचे नसतातच. २०१५च्या चिल्ड्रन्स होम्स नियमांनुसार मुलाचं आरोग्य आणि औषधांची व्यवस्था घराच्या नोंदणीकृत व्यवस्थापकाची जबाबदारी. नर्स आरोग्य पुरवणाऱ्या एनएचएस ट्रस्टची, केअर स्टाफ कौन्सिलचा, मूल एकच. घराला ऑफस्टेड, म्हणजे शाळा आणि बालगृहं तपासणारी सरकारी यंत्रणा, तपासतं, आरोग्य पुरवठादाराला आरोग्यसेवा तपासणारं केअर क्वालिटी कमिशन. दोन मालक, दोन तपासनीस. रात्री नऊची मेलाटोनिनची (झोपेची) गोळी केअर स्टाफने दिली आणि नोंद करायची राहिली तर चूक कोणाची? याचं उत्तर करारात आणि घरासोबतच्या लेखी समझोत्यात आधीच असलं पाहिजे. प्रशिक्षण कोण देणार, दरवर्षी पुन्हा कोण तपासणार, कपाटाची किल्ली कोणाकडे. मुलाला आवळून धरावं लागलं तर नंतर त्याला कोण तपासणार, रात्री नर्स नसेल तर काय. २००४मध्ये इंग्लंडमधल्या खासगी सिक्युअर ट्रेनिंग सेंटरांत दोन मुलं दगावली. एक पंधराचा, आवळून धरताना. दुसरा चौदाचा, त्याने गळफास घेतला. ती बालगृहं नव्हती, पण तेव्हापासून हे कलम कोणी हलक्यात घेत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, डॉक्टर येऊन जातात तरी फरक का पडत नाही. आठवड्याच्या १६८ तासांतला एक तास डॉक्टरांचा. उरलेले तास ज्यांचे, त्यांना कोणी काही सांगत नाही आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. इंग्लंडमध्येही हेच होतं. मानसशास्त्रज्ञ यायची, मुलाला खोलीत घेऊन बसायची, फाइल कपाटात ठेवून जायची. २०१६नंतर एनएचएस इंग्लंडने बंदिस्त ठिकाणांसाठी ‘सिक्युअर स्टेअर्स’ नावाची एकात्मिक काळजीची चौकट आणली. तिचं सार असं की मुलात बदल घडवणारी मुख्य माणसं म्हणजे रोजचा केअर स्टाफ. तज्ज्ञांनी त्यांच्या मागे उभं राहायचं. प्रत्येक मुलाची ‘फॉर्म्युलेशन’ बैठक होते. हे मूल असं का वागतं, त्याच्यावर काय गुदरलंय, कशाने बरं वाटतं, याची एक सर्वांना पटणारी कहाणी, मुलालाही सोबत घेऊन, सगळ्यांनी मिळून मांडायची.

अशा एका बैठकीचं सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. मुलगा रोज सकाळी उठवायला येणाऱ्यावर धावून जायचा. रागाचं औषध सुरू करायची चर्चा चालली होती. रात्रपाळीचा एक माणूस, जो बैठकीला येत नसे कारण बैठका दिवसा असत, त्या दिवशी पाळी बदलून आला होता. तो म्हणाला, पोरगा बूट घालून झोपतो. नाडी बांधून. कोणाच्याच नोंदीत हे नव्हतं. त्याच्या समाजसेविकेने व्हिडिओवरून तारखा काढल्या: आधीच्या घरांतून त्याला बहुतेक वेळा पहाटेच हलवलं होतं, न सांगता, कारण रात्री सांगितलं तर पळेल. दार वाजलं की नवं गाव. मग ठरलं ते एवढंच की उद्या सकाळी कोण उठवणार ते झोपायच्या आधी सांगायचं, दारावर थाप न मारता आधी बाहेरून नाव घ्यायचं, आणि उद्याचा दिवस इथेच आहे हे फळ्यावर लिहून ठेवायचं. औषधाचा निर्णय पुढे ढकलला. बूट उतरायला बरेच आठवडे लागले, पण सकाळचे हल्ले त्याच्या खूप आधी थांबले.

या बैठकीला किती खर्च आला? मानसशास्त्रज्ञाचे दोन तास आणि रात्रपाळीच्या माणसाच्या जागी बदली माणूस. तो बदलीचा खर्च आरोग्याच्या पाकिटातून द्यायचा की घराच्या, यावर महिनोन्महिने पत्रव्यवहार होतो. एनएचएस कौन्सिलच्या माणसांना हुकूम सोडू शकत नाही. म्हणून करार करण्याआधीच घराकडून लिहून घ्यायचं, की प्रत्येक पाळीतल्या माणसांना बैठकीसाठी आणि मानसशास्त्रज्ञासोबतच्या नियमित चर्चेसाठी मोकळं केलं जाईल, आणि त्यांच्या जागी कोण उभं राहील. हे नसेल तर बाकी सगळं अत्तराचे फाये.

निविदेबद्दल थोडं. १ जानेवारी २०२४पासून इंग्लंडमध्ये आरोग्यसेवांसाठी ‘प्रोव्हायडर सिलेक्शन रेजीम’ लागू आहे. दरवेळी टेंडरची जत्रा भरवायची गरज उरली नाही. चालू पुरवठादार समाधानकारक काम करत असेल तर काही अटींवर त्यालाच पुढे ठेवता येतं, किंवा सर्वांत योग्य पुरवठादार निवडता येतो. गुणवत्ता, पैशाचं चीज, इतर सेवांशी मेळ, पोहोच आणि विषमता कमी करणं, सामाजिक मूल्य, असे पाच निकष. छोट्या घरांसाठी हे फार बरं झालं. दर तीन-चार वर्षांनी नर्सच्या गणवेशावरचा बिल्ला बदलायचा आणि निम्मी माणसं त्या धांदलीत सोडून जायची. ज्या मुलांच्या आयुष्यात माणसं टिकत नाहीत त्यांच्यासाठी माणसं टिकणं हीच सेवा आहे, आणि निवडीच्या गुणांत मी त्याला वजन देते: किती जण वर्षभराच्या आत सोडून गेले ते दाखवा.

निवड समितीत मुलांना घ्या. चहा-बिस्किटांपुरतं बोलवू नका, त्यांच्या प्रश्नाला गुण ठेवा. एकदा एका मुलीने विचारलं, मी शिव्या दिल्या तर पुढच्या आठवड्यात याल का? तीन संस्थांपैकी दोघींनी आपलं धोरण सांगितलं. तिसऱ्या संस्थेची नर्स म्हणाली, येईन, पण दाराबाहेर बसेन.

पैसे ठोक द्यावेत, मुलामागे नाही. आज आठ मुलं, उद्या पाच, आणि त्या पाचातलं एक रोज टाके घालायला नेण्याच्या अवस्थेतलं.

मापांबाबत एक गंमत. अहवालात ‘मूल भेटीला आलं नाही’ असा रकाना असतो. कुलूपबंद घरातलं मूल जाणार कुठे? खणून पाहिलं की कळतं: दवाखान्यात न्यायला सोबतीला माणसं नव्हती, किंवा तज्ज्ञच आली नाही, किंवा मूल खरंच नको म्हणालं. तिन्हींचे रकाने वेगळे करा. पहिल्यासाठी घराला विचारा, दुसऱ्यासाठी पुरवठादाराला, तिसऱ्यासाठी मुलाला.

संमतीचं ओझरतं सांगते, कारण इथे गल्लत होते. कोंडण्याचा हुकूम म्हणजे उपचाराचा हुकूम नाही. सोळा वर्षांखालचं मूल नीट समजून घेत असेल तर ते स्वतः संमती देऊ शकतं, हे १९८५च्या गिलिक निकालापासून पक्कं आहे. नसेल तर पालकत्वाचा हक्क कोणाकडे ते शोधावं लागतं, आणि आई-वडील, कौन्सिल की दोघंही, हे प्रत्येक मुलागणिक वेगळं असतं. त्या नावांचा कागद पहिल्या दिवशी फाइलला लागला पाहिजे. लस द्यायच्या सकाळी शोधाशोध करून उपयोग नाही.

सगळ्यात कच्चा दुवा सुटकेचा. मूल कधीकधी घरापासून दोन-अडीचशे मैलांवर असतं. इथे त्याला आठवड्याला मानसशास्त्रज्ञ भेटते. बाहेर पडलं की स्थानिक बालमानसोपचार सेवेच्या रांगेत शेवटी. कोर्टाने हुकूम वाढवला नाही तर सुटका दोन दिवसांतही होते. म्हणून आल्याच्या पहिल्या पंधरवड्यातच परतीच्या गावची सेवा शोधायची, तिथल्या रांगेत नाव घालायचं, तिथल्या माणसाला फॉर्म्युलेशन बैठकीला व्हिडिओवर बसवायचं. आणि घरातली एक ओळखीची व्यक्ती सुटकेनंतर काही आठवडे फोनवर राहील, हे करारात पैशासकट लिहायचं. पैसे लिहिले नाहीत तर ते काम एखादी भली नर्स स्वतःच्या वेळात करते, आणि ती गेली की थांबतं.

आता ताई, तुमच्याकडचं. तिकडचा करार उचलून इकडे बसणार नाही. तुमच्याकडे खरेदीचं पाकीटच नाही. पण काही माणसं आणि रस्ते आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ५४ खालच्या तपासणी समितीत एक वैद्यकीय अधिकारी असणं बंधनकारक आहे आणि समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा यायचं असतं. त्या भेटीत गाद्या-चादरी मोजण्यात वेळ घालवू देऊ नका. त्या डॉक्टरांसमोर औषधांचं रजिस्टर ठेवा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४पासून आहे आणि तो १० ते १९ वयासाठी आहे, म्हणजे तुमची बहुतेक मुलं त्यात बसतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम जिल्हा रुग्णालयात असते. त्यांच्याकडे मुलांना रांगेत पाठवण्याऐवजी त्यांच्या मानसशास्त्रज्ञाला महिन्यातून एकदा तुमच्या काळजीवाहकांसोबत बसायला पत्र लिहून मागा. मुलांना तपासू नका, आमच्या माणसांशी बोला, असं स्पष्ट लिहा. रात्री अडलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे; तो काळजीवाहकांनीही लावावा.

आणि आठवड्याच्या डॉक्टरांच्या तासाआधी एक वही फिरवा. रात्रपाळीच्या काळजीवाहकाला लिहायला वेळ नसेल तर तुम्ही सकाळी त्याच्याकडून ऐकून लिहा. प्रत्येक मुलापुढे चारच रकाने: झोपला का, जेवला का, औषध कोणी दिलं, आणि काल रात्री काय वेगळं दिसलं. डॉक्टर आले की नावांच्या यादीऐवजी ती वही पुढे करा, आणि जमलं तर त्या दिवशी रात्रपाळीचा माणूस तासभर जास्त थांबेल एवढं अधीक्षकांकडून मंजूर करून घ्या.